ताडवाचन

‘सुवाचक प्रणालीने कोणत्याही नागरिकाच्या कोणत्याही मजकुरातील एकही अक्षर आजवर बदललेले नाही, तसेच वाचकाच्या स्पष्ट इच्छेविना त्यास कोणताही मजकूर सौम्य करून दाखविलेला नाही.’

सुवाचन विभागाचे हे निवेदन डॉ. कुमुदिनी हुद्दार यांच्या तक्रारीला उत्तर म्हणून आले. बाई एकाहत्तर वर्षांच्या होत्या आणि त्यांतली पंचेचाळीस वर्षे त्यांनी अमरावतीच्या हस्तलिखित मंडळात जुन्या पोथ्यांचे पाठ तपासण्यात घालवली होती. त्यांनी निवेदन कागदावर उतरवून घेतले आणि पेन्सिल हाती घेतली. तीनशे वर्षांपूर्वीच्या लेखनिकाला त्या जितकी दया दाखवत, तितकीच त्यांनी विभागाला दाखवली. म्हणजे अजिबात नाही.

वाक्याच्या पहिल्या भागाखाली त्यांनी लिहिले : ‘खरे आहे, म्हणूनच घातक. विहिरीतले पाणी आम्ही गढूळ केले नाही असे शपथेवर सांगणारा पोहऱ्यात काय कालवले ते सांगत नसतो.’

कारण सुवाचक हा पोहराच होता. संगणकाची मजकूर साठवणारी तबकडी आणि माणसाचा डोळा यांच्यामध्ये बसवलेला तो एक थर. पूर्वी तबकडीवर जे असे ते पडद्यावर दिसे. अकरा वर्षांपूर्वी हा थर प्रत्येक यंत्रात सक्तीने आला आणि त्याने वाचकालाच वाचायला सुरुवात केली : नजर कुठे अडखळते, श्वास कोणत्या शब्दाला चुकतो, कोणते वाक्य वाचल्यावर माणूस उठून खिडकीशी जातो. मग मूळ मजकुराला हात न लावता तो प्रत्येकाला सोसेल असा वेगळा मजकूर दाखवू लागला. छापून घेतले तरी सोसेल असेच छापून येई. घटस्फोटांचे प्रमाण घटल्याची आकडेवारी विभागाने अभिमानाने प्रसिद्ध केली. नोटिसाच लोकांना वाढदिवसाच्या शुभेच्छांसारख्या दिसू लागल्या आहेत काय, हे विचारण्याचे कोणाला सुचले नाही.

‘स्पष्ट इच्छा’ या शब्दांखाली बाईंनी दोन रेघा मारल्या. ही इच्छा म्हणजे त्रेचाळीस पानी कराराच्या तळाशी केलेली एक खूण. ती खूण न करता यंत्र सुरूच होत नसे. ‘गळा धरून वदवलेल्या होकाराला इच्छा म्हणण्याची प्रथा जुनी आहे,’ त्यांनी समासात नोंदवले, ‘स्पष्ट म्हणण्याची नवी.’

हा संताप काही पुस्तकी नव्हता. त्याला एक पत्र कारणीभूत होते.

एका जुन्या वैद्यकग्रंथाची बाईंनी सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती तिसऱ्यांदा छापायची होती. या आवृत्तीचा कणा म्हणजे तिचे चौथे प्रकरण. ग्रंथाच्या नऊ प्रती उपलब्ध होत्या. त्यांपैकी सात प्रतींत एक काढा अर्ध्यावर तुटतो आणि लगेच भलत्याच रोगाचे औषध सुरू होते. सातही लेखनिकांनी एकाच जागी डुलकी घेणे शक्य नाही. म्हणजे त्या सातही प्रती एकाच पान गळालेल्या पोथीवरून उतरल्या. जुन्या म्हणून मिरवणाऱ्या या प्रतींपेक्षा, काढा अखंड असलेल्या दोन फाटक्या, उशिराच्या प्रतीच मुळाला अधिक जवळच्या. प्रतींची ही वंशावळ मांडणारे प्रकरण बाहेरच्या विद्यापीठांतूनही वाखाणले गेले होते.

नव्या प्रस्तावनेत बाईंना आपल्या एका विद्यार्थ्याचे पत्र उद्धृत करायचे होते. रत्नपाल ढोके. दोन वर्षे मंडळात त्यांच्या हाताखाली काम करून तो सहा वर्षांपूर्वी निघून गेला आणि दारव्ह्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवू लागला. जाताना त्याने पाठवलेले कृतज्ञतेचे पत्र बाईंना जवळजवळ पाठ होते. मन खिन्न झाले की त्या ते उघडून वाचत.

मंडळाचा मात्र एक जुना नियम होता : ताडवाचनाशिवाय काहीही छापायचे नाही. एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने स्वतःच्या प्रतीवर बोट ठेवून ताडून पाहायचे. सुवाचक आल्यापासून हा नियम धूळ खात पडला होता. पण बाई हट्टी. त्या दिवशी कार्यालयात यंत्रदुरुस्तीला आलेल्या पुष्पलता वानखडेशिवाय कोणी नव्हते. पस्तिशीची, कानामागे पेचकस खोचलेली पुष्पलता दुसऱ्या यंत्रापुढे बसली होती. बाईंनी तिला तेच पत्र उघडायला लावले.

“मी वाचते, तू नुसतं बोट फिरव. वेगळं दिसलं तर थांबव.”

“शाळेतल्यावानी?”

“शाळेत एवढं काटेकोर नसतं.” बाईंनी वाचायला सुरुवात केली. “‘मॅडम, आपल्या आवृत्तीचं चौथं प्रकरण वाचलं. वाचताना जणू माझंच काही वाचतो आहे असा आनंद झाला...’”

“थांबा, मॅडम. आनंद नाई हाय इथं.”

“नीट बघ.”

“नीटच पाहून राह्यली मी. आनंदही नाई अन् जणूही नाई.”

बाई उठून तिच्या खांद्यामागे आल्या. पडद्यावरच्या सूक्ष्म कॅमेऱ्याने नवा चेहरा ओळखला. त्या दोघींच्या देखत, वडीलधारे माणूस दिवाणखान्यात आल्यावर पाय खाली घेऊन बसावे तसा तो मजकूर सावरून बसला. ‘आनंद झाला’ हे शब्द अगदी जागच्या जागी उगवले.

पुष्पलताने पेचकस खाली ठेवला. “पाह्यलं? तुमी आल्या तं लाजलं थे.”

“तुला आधी काय दिसत होतं ते सांग.”

“नाई जी. मी सांगतलं तं तुमी म्हणसान, पुष्पलतानं सांगतलं. तुमचं पत्र हाय, तुमच्याच हातानं काढा.” ती जरा थांबली. “खालून एक रस्ता हाय. कमांड लाइन.”

प्रत्येक यंत्राच्या तळाशी, सुवाचकाच्याही खाली, दुरुस्ती करणाऱ्यांसाठी एक काळा पडदा राखून ठेवलेला असे. त्याच्यावर चित्रे नाहीत, बटणे नाहीत, लुकलुकणाऱ्या एका आडव्या रेघेशिवाय काहीच नाही. तिथे आज्ञा लिहायची. यंत्र ती शब्दशः पाळणार किंवा पाळता येत नाही म्हणून सांगणार. तुमच्या मनात काय असेल याचा अंदाज ते करत नाही. त्याच्यावर बंदी नव्हती. तो शिकवणे बंद झाले होते, तेवढे पुरेसे होते.

रोज दुपारी पुष्पलताच्या दुरुस्तीच्या दुकानात, बाईंच्याच यंत्रावर, शिकवणी सुरू झाली. पहिल्या दिवशी बाईंनी सवयीने लिहिले : ‘कृपया रत्नपालचे पत्र दाखव.’ पडद्यावर उत्तर उमटले : ‘कृपया : अशी आज्ञा सापडली नाही.’

बाई त्या ओळीकडे पाहत राहिल्या. मग हसू लागल्या. हसता हसता त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

“काय झालं जी?” पुष्पलता घाबरली.

“अकरा वर्षांत मला कोणी ‘नाही’ म्हटलं नव्हतं गं. विसरलेच होते, किती बरं वाटतं ते.”

“थांबा तं, आता रोज म्हणन.”

आणि रोज म्हटले. ‘पीडब्ल्यूडी’ लिहिले की आपण कुठल्या कप्प्यात उभे आहोत ते यंत्र सांगे. “याचा बांधकाम खात्याशी काही संबंध?” असे बाईंनी विचारले, तेव्हा पुष्पलता गंभीरपणे म्हणाली, “नाई, हे लगेच उत्तर देते.” ‘एल-एस’ म्हटले की कप्प्यातल्या वस्तूंची यादी येई, ‘कॅट’ म्हटले की फाइल होती तशी, नागवी, पडद्यावर ओतली जाई. ‘ग्रेप’ला शब्द दिला की तो ज्या ज्या ओळीत असेल त्या ओळी ते वेचून आणे. ग्रेप क्षणात करी त्या कामासाठी बाईंनी तारुण्यातली सात वर्षे आणि दोन्ही डोळे खर्च केले होते.

पत्राची फाइल मागताना त्यांनी दोन शब्दांचे नाव लिहिले आणि यंत्राने दोन उत्तरे दिली : ‘रत्नपालचे’ नावाची फाइल नाही, ‘पत्र’ नावाची फाइल नाही.

“हा तर पदपाठी ब्राह्मण निघाला,” बाई म्हणाल्या. “प्रत्येक पद सुटं करून म्हणतो.”

“ब्राह्मण कायले, रांगेतला कारकून म्हणा. दोन शब्द आले म्हंजे दोन माणसं आली. जोडून सांगाचं असन तं अवतरणात घाला.”

एकदा बाईंनी ‘आरएम’ ही आज्ञा करून पाहिली. त्यांच्या एका व्याख्यानाची फाइल क्षणात नाहीशी झाली.

“अगं, हे विचारतही नाही!”

“नाई इचारत. तुमी म्हटलं, त्यानं केलं. खाली लोकाईले मोठं समजतात, मॅडम.”

हे वाक्य बाईंनी वहीत लिहून ठेवले. आपल्याला मोठे समजणाऱ्या त्या काळ्या पडद्याविषयी त्यांना जी कृतज्ञता वाटू लागली, ती गुरुजनांविषयीही क्वचितच वाटली होती. आणि कानामागे पेचकस खोचणाऱ्या या मुलीला त्या एके दिवशी सर्वांदेखत ‘आमच्या गुरू’ म्हणाल्या, तेव्हा त्यांच्या बोलण्यात उपरोध नव्हता. त्यांना ओळखणाऱ्यांना हे खरे वाटेना.

एकविसाव्या दिवशी त्यांनी आज्ञा बिनचूक लिहिली. पडद्यावर पत्र आले.

‘मॅडम, आपल्या आवृत्तीचं चौथं प्रकरण वाचलं. ते मीच लिहिलेलं असल्यामुळे वाचायला वेळ लागला नाही. ऋणनिर्देशात माझं नाव आहे : प्रती काढून देणे आणि झेरॉक्स. ज्या मठात त्या पोथ्या आहेत, त्याच्या पायरीपुढे माझ्या आजोबांना येऊ देत नसत. मी आत गेलो, दोन वर्षं पानं मोजली, गळालेलं पान शोधलं. बाहेर आलो तेव्हा नाव आतच राहिलं होतं. चूक नजरचुकीनं झाली असं मी अजून मानतो. एक महिना उत्तराची वाट पाहीन. उत्तर आलं नाही तर तेच उत्तर समजेन.’

बाईंनी पत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचले.

“मला हे कधीच दिसलं नाही,” बाई अखेर म्हणाल्या. त्यांचा आवाज थंड होता. मंडळातले लोक याच आवाजाला भीत. “सहा वर्षं तो पोरगा समजतो आहे की मी वाचलं आणि गप्प बसले. तोंड माझं, आणि ते शिवलं या पाजी थरानं.”

“आता काय करसान?”

“आधी छपाई थांबवीन. मग यांना सोलून काढीन.”

छपाई त्याच दिवशी थांबली. तक्रार दाखल झाली, आणि उत्तरादाखल ते निवेदन आले. जाहीर सुनावणीची तारीख मिळाली. सुवाचकाविरुद्ध आलेली ही पहिलीच तक्रार, आणि करणारी पाठचिकित्सेतली मान्यवर विदुषी. वर्तमानपत्रांनी बाईंचे छायाचित्र छापले. रत्नपालला लिहायचे त्यांनी मुद्दामच लांबवले. निकाल लागला की तो हातात घेऊनच जाऊ : बघ, मी नव्हते, हे यंत्र होते.

सुनावणीच्या आदल्या दिवशी सकाळी पुष्पलताने आठवण केली. “मॅडम, सुवाचक नोंदवही ठेवतो. कोणाले कवा काय दाखवलं, ओळ न् ओळ. थे माणसासाठी नसते, तपासणाऱ्या यंत्रासाठी असते. म्हून तिच्यात गोडवा नाई. पुरावा म्हून घेता का?”

“घेते का म्हणजे? तीच तर फाशीची दोरी.”

बाईंनी ग्रेपला रत्नपालचे नाव दिले. ओळी सरसर उतरल्या. शेवटच्या एक्केचाळीस ओळी सारख्याच होत्या : सौम्य पाठ दाखविला, वाचक संतुष्ट. त्यांच्या वर, सहा वर्षांपूर्वीच्या एका तारखेखाली, दोन वेगळ्या ओळी होत्या. पहिली : ‘अकरा वाजून वीस मिनिटे. पहिले वाचन, सोसण्याचा अंदाज अनिश्चित; मूळ पाठ जसाच्या तसा दाखविला. वाचनकाळ नऊ मिनिटे.’ दुसरी : ‘अकरा वाजून एकतीस मिनिटे. वाचकाची तोंडी सूचना.’ आणि पुढे ती सूचना.

बाईंनी ती वाचली. पेन्सिलीसाठी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

“हे मी बोललेच नाही,” त्या म्हणाल्या. “मला आठवत नाही म्हणजे... पुष्पलता, माझी स्मरणशक्ती कशी आहे तुला ठाऊक आहे. मला नऊ प्रतींचे पाठभेद तोंडपाठ आहेत.”

“खोटं बोलून राह्यल्या असं कोण म्हणते?” पुष्पलता हळू आवाजात म्हणाली. “मी शिकलेली नाई एवढी. पण डोकं म्हंजे तबकडी नाई, एवढं ठाऊक हाय. तबकडीवरचं किती बी वेळा काढा, तसंच राह्यते. आपण काई आठवलं का थे बाहेर येते, अन् जे हाताशी असन त्याच्यासंगं पुन्हा नव्यानं लिवलं जाते. म्हंजे आपण पह्यलं नाई आठवत; मांगच्या खेपेले जे आठवलं, थे आठवतो. तुमी पह्यल्यांदा वाचलं एकदा. अन् गोड वाचलं एक्केचाळीस वेळा.”

बाईंना याहून अधिक समजावण्याची गरज नव्हती. आयुष्यभर त्यांनी दुसरे काय केले होते? प्रतीवरून प्रत, तिच्यावरून आणखी प्रत. मुळातले पान कधीच गळालेले. आणि शेवटचा लेखनिक निष्पाप मनाने सांगतो, माझ्या प्रतीत काही तुटलेले नाही. इतक्या पोथ्यांची वंशावळ तपासणाऱ्या बाईंनी एक पोथी तपासायची ठेवली होती, आणि ती त्यांच्या मानेवर होती.

“ही ओळ दाखवली,” त्या सावकाश म्हणाल्या, “तर विभाग सुटला. ‘वाचकाच्या स्पष्ट इच्छेविना नाही.’ शब्दशः खरं. आणि मी...”

“होय जी.”

“नाही दाखवली तर मी जिंकते. प्रकरणावर रत्नपालचं नाव तरीही घालता येईल. नजरचूक म्हणून. यंत्राचा दोष म्हणून. त्यालाही बरंच वाटेल. सगळ्यांनाच बरं वाटेल.” त्यांनी काळ्या पडद्याकडे पाहिले. “ही ओळ आरएमनं जाते का?”

“आरएमनं पुरी वही जाते. एका ओळीसाठी दुसरी आज्ञा हाय. थे बी इचारत नाई.”

लुकलुकणारी रेघ आज्ञेची वाट पाहत होती. तिला अमुक आज्ञा हवी होती असे नाही. नको होती असेही नाही. पुष्पलता उठून दुकानाच्या दाराशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

थोड्या वेळाने बाई म्हणाल्या, “छापून दे.”

“काय छापू?”

“ओळ. काळ्या पडद्यावरून, सुवाचकाला मध्ये न घेता. आणि ये, आधी ताडवाचन करू. मी वाचते, तू बोट ठेव.”

पुष्पलताने बोट ठेवले. या खेपेला कुठेही थांबवावे लागले नाही.

सुनावणी जिल्हा कचेरीच्या सभागृहात झाली. उपसंचालक यशोधन मोहरील हे विभागाची बाजू मांडायला आले होते. त्यांनी निवेदन वाचून दाखवले, सौजन्याने मान लववली आणि खाली बसले. मागच्या बाकांवर वार्ताहर सरसावून बसले होते.

कुमुदिनीबाई उठल्या. “मी आभारांनी सुरुवात करते,” त्या म्हणाल्या. मोहरील चपापले. “श्रीमती पुष्पलता वानखडे यांचे आभार. त्यांनी मला या वयात यंत्राशी बोलायला शिकवलं, आणि यंत्राचा नकार ऐकून घ्यायलाही. आज इथं उभं राहण्याची जी काही लायकी माझ्यात आहे, ती त्या तीन आठवड्यांची कमाई आहे. दुसरे आभार सुवाचन विभागाचे. त्यांनी एकही अक्षर बदललेलं नाही. मी तपासलं आहे. जे मी माझ्या डोक्यात राखू शकले नाही, ते त्यांच्या तबकडीनं राखलं.”

“म्हणजे तक्रार आपण मागे घेताय, मॅडम?” मोहरील हसून म्हणाले.

“नाही. दुरुस्त करते आहे. तुमच्या यंत्रानं माझी फसवणूक केली अशी माझी तक्रार होती. ती चुकीची आहे. यंत्रानं माझी आज्ञा पाळली. माणसाला स्वतःशी खोटं बोलायचं असेल तर पूर्वी ते स्वतः बोलावं लागे, रोज बोलावं लागे, आणि कधीतरी जीभ अडखळे. तुम्ही ते काम एका वाक्याच्या सूचनेवर आपल्याकडे घ्यायला लागलात आणि पोचपावतीसुद्धा विसरायला लावलीत. माझं एका वाक्यात भागलं. या राज्यात नोंदवह्या किती आहेत, उपसंचालक? तुमची स्वतःची कधी उघडली आहे?”

मोहरील यांची नजर समोरच्या आपल्या पडद्यावर गेली आणि लगेच बाजूला वळली.

“वैद्यकग्रंथाच्या आवृत्तीतलं चौथं प्रकरण श्री. रत्नपाल ढोके यांचं आहे. आज सकाळी मी तसं त्यांना हातानं लिहून, टपालानं कळवलं आहे. उत्तरासाठी महिन्याची मुदत घालायचा अधिकार मला नाही. वाट मी कितीही पाहीन.” त्यांनी कागद उलगडला. “आता पुरावा. मूळ पाठ, ताडून पाहिलेला. वाचक, कुमुदिनी हुद्दार. वेळ, अकरा वाजून एकतीस मिनिटं. तोंडी सूचना.”

त्यांनी चष्मा नीट केला आणि ज्या आवाजात त्या परक्यांच्या चुका वाचून दाखवत, त्याच आवाजात वाचले :

“‘रत्नपालचं म्हणणं खरं आहे. चौथं प्रकरण त्याचंच आहे. मी फक्त वाक्यं नीट केली. पण आवृत्ती आता छापून झाली. हे पत्र मला पुन्हा असं दाखवू नकोस. त्यानं माझे आभार मानलेत, असं दाखव.’”